साधं हर्नियाचं ऑपरेशन आणि वडील गेले, यात केस होते का?

वाचकाचं पत्र:

"ताई नमस्कार, आम्ही कोल्हापुरातलेच. माझे वडील वय ६३, साखर कारखान्यातून रिटायर. बारा वर्षं शुगर, बीपीची गोळी चालू. हर्निया बऱ्याच वर्षांचा, दुखत नव्हता पण वजन उचललं की फुगायचा म्हणून एकदाचं ऑपरेशन करून टाकू असं ठरलं. सर्जन म्हणाले साधं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. आदल्या दिवशी संध्याकाळी अ‍ॅडमिट केलं, रक्त घेतलं, ईसीजी काढला. भूल देणारे डॉक्टर रात्री दहाला आले, शुगर आहे का, बीपी आहे का, दात हलतात का एवढं विचारलं आणि सही करून गेले. मी त्यांना म्हटलं की अलीकडं जोतिबाच्या पायऱ्या चढताना बाबांना मधे बसायला लागतं, छातीत भरून येतं, तर म्हणाले वयोमानानं होतं. सकाळी ऑपरेशन चालू असतानाच बीपी पडलं, अ‍ॅटॅक आला, दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, तिथं तिसऱ्या दिवशी गेले. पोस्टमार्टेम केलं नाही. दुसऱ्या हॉस्पिटलनं दिलेल्या फायलीत पहिल्या ठिकाणचा ईसीजी निघाला, त्याच्यावर पेनानं लिहिलंय की टू-डी इको करा आणि फिजिशियनला दाखवा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आठ महिने झाले. हॉस्पिटलवाले म्हणतात तुम्ही सही केलीय. भाऊ म्हणतो पोरं घेऊन जातो आणि जाब विचारतो. आई म्हणते माणूस गेलं आता काय उपयोग. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तेही आता ती नको म्हणते. काय करावं?"

उत्तर:

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं असेल तर हो, केस उभी राहू शकते. आणि ती उभी राहते ईसीजीवर पेनानं लिहिलेल्या त्या एका ओळीवर. बाबांना टेबलावर अ‍ॅटॅक आला एवढ्यावर कुठलंही कोर्ट डॉक्टरला दोषी धरत नाही, हे घरात सगळ्यांनी आधी समजून घ्या नाहीतर पुढं फार त्रास होईल. चांगल्यात चांगल्या डॉक्टरच्या हातून, सगळी काळजी घेऊनसुद्धा पेशंट जाऊ शकतो. सुप्रीम कोर्टानं २००५ च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये हेच धरलं, की त्या जागी दुसरा साधारण कुवतीचा, शिकलेला, सावध डॉक्टर असता तर तो जसा वागला असता तसं हा वागला का, एवढंच बघायचं.

आता हे तुमच्या बाबांना लावून बघा. हर्निया अडकला असता, आतडं पिळलं असतं, पोट फुगून उलट्या चालू असत्या तर रात्रीत ऑपरेशन करायलाच लागलं असतं, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला वेळ नव्हता हे मीसुद्धा मान्य केलं असतं. पण तुम्हीच लिहिता की दुखतही नव्हता. म्हणजे हे सवडीनं करायचं ऑपरेशन, आज नाही तर महिन्यानं, दोन महिन्यांनी केलं असतं तरी चालण्यासारखं होतं. माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. ज्या ऑपरेशनला थांबायची सोय आहे त्याच्या आधीची तपासणी ही नुसती फॉर्म भरायची गोष्ट राहत नाही, या माणसाला टेबलावर घ्यायचं की नाही हा निर्णय त्या तपासणीतच होतो आणि तो निर्णय काळजीनं घेणं हे डॉक्टरचं काम आहे. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. १९६८ साली सुप्रीम कोर्टानं आपल्या महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये (लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले, कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुण पोराचा पाय मोडला, त्याला पुण्याला नेलं आणि तिथं तो दगावला) स्पष्ट सांगितलंय की डॉक्टरवर तीन ठिकाणी काळजीची जबाबदारी असते: केस घ्यायची का हे ठरवताना, कुठला उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो प्रत्यक्ष देताना. लोक केस करताना तिसऱ्यावरच भर देतात, ऑपरेशनमध्ये काय चुकलं, काय कापलं. तुमची केस पहिल्या दोनमधली आहे.

भूल द्यायच्या आधीच्या तपासणीला हॉस्पिटलमध्ये पीएसी म्हणतात, कुणी नुसतं 'फिटनेस' म्हणतं. ती नीट झाली तर काय होतं ते सांगते, म्हणजे रात्री दहाला काय राहून गेलं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. सगळ्यात आधी बोलणं असतं, टेस्ट नंतर. पेशंट किती चालतो, दोन जिने न थांबता चढतो का, चढताना दम लागतो का, छातीत दाटतं का, रात्री किती उशा लागतात, घोरतो का, आधी कधी भूल दिलेली का आणि तेव्हा काही झालेलं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. 'जोतिबाच्या पायऱ्या चढताना बसायला लागतं आणि छातीत भरून येतं' हे तुम्ही आपणहून सांगितलंत, आणि ६३ वर्षांच्या, बारा वर्षं शुगर असलेल्या, बीपीच्या माणसाबद्दल ही एवढी एकच गोष्ट कळली तरी कुठल्याही भूलतज्ज्ञाचं पेन थांबायला पाहिजे. शुगरवाल्या माणसाला हृदयाचं दुखणं कधीकधी नीट कळतच नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, नाहीतर काहीच होत नाही, हे त्यांच्या शिक्षणातलंच आहे. मग तपासणी करून पेशंटला एक ग्रेड देतात, एएसए ग्रेड, १ ते ६. पहिली म्हणजे ठणठणीत. शुगर, बीपी कंट्रोलमध्ये असेल तर दुसरी, कंट्रोलमध्ये नसेल किंवा हृदयाचा आजार असेल तर तिसरी आणि पुढं. ही ग्रेड पीएसीच्या कागदावर लिहिलेली असते. तुमच्या बाबांच्या कागदावर काय लिहिलंय ते मला बघायचंय, दोन लिहिलंय का, तीन लिहिलंय का, का ती चौकट रिकामीच आहे. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, केली होती का तेही बघायचंय, कारण ती आठ-साडेआठच्या वर असेल तर असली सवडीची ऑपरेशनं सहसा पुढं ढकलतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. प्रत्येक पेशंटचा इको करायलाच पाहिजे असं काही नाही. पंचवीस वर्षांच्या धडधाकट पोराच्या छोट्या ऑपरेशनला ढीगभर टेस्ट लावणं हीसुद्धा चांगली डॉक्टरकी नव्हे. त्यामुळं 'इको केला नाही म्हणून निष्काळजीपणा' असं सरसकट म्हणता येत नाही. तुमच्याकडं वेगळं काय आहे, तर इको करा असं तिथल्याच कुणीतरी लिहून ठेवलंय. त्या हॉस्पिटलच्याच एका माणसाच्या डोक्यात शंका आली, त्यानं ती कागदावर उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट टेबलावर. मधल्या वेळात काय झालं? एक तर सर्जननी आणि भूलवाल्यांनी ते वाचलं, विचार केला आणि काहीतरी कारणानं पुढं जायचं ठरवलं, तसं असेल तर ते कारण केसपेपरवर लिहिलेलं पाहिजे आणि तुम्हाला सांगितलेलं पाहिजे. नाहीतर कुणी वाचलंच नाही. गावात छोट्या हॉस्पिटलांत भूलवाले बाहेरून येतात, संध्याकाळी एका ठिकाणी, रात्री तिसऱ्या ठिकाणी, रिपोर्ट आला तेव्हा ते असतातच असं नाही, सर्जन म्हणतो भूलवाल्यांनी फिट दिलं, भूलवाले म्हणतात मला रिपोर्ट दाखवलाच नाही. हे कारण कोर्टात चालत नाही. केस करताना सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हॉस्पिटल तिघांनाही विरुद्ध पक्ष करतात, आपसात कोणाचं किती ते त्यांचं ते बघतील.

सहीबद्दल. ऑपरेशनच्या संमतीवर सही म्हणजे 'धोके असतात हे मला माहिती आहे' एवढीच, निष्काळजीपणाला कुणी सही देत नसतं. आणि मुळात ती संमती तरी खरी होती का? २००८ साली समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पेशंटला उपचार, धोके, दुसरे पर्याय पुरेसे सांगितले तरच ती संमती. ईसीजीत काही खटकतंय हे तुम्हाला रात्रीच कळलं असतं तर तुम्ही काय म्हटला असता? 'मग राहू दे, आधी हार्टवाल्यांना दाखवू' असंच ना. शिवाय दुर्बिणीनं न करता वरून चीर देऊन करायच्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन नुसती तेवढी जागा बधिर करूनही करता येतं, जोखमीच्या पेशंटला तो विचार करतात. बाबांना कुठली भूल दिली, आणि हा पर्याय कुणी बोललं का, हे पण बघायचं.

आता कच्ची बाजू, कारण समोरचा वकील इथंच धरणार. ते म्हणतील की इको केला असता तरी नॉर्मल आला असता, इकोत रक्तवाहिनीतला ब्लॉक थेट दिसत नाही. आणि ते खोटं नाही. त्याला आपलं उत्तर असं की ईसीजीवरच्या त्या ओळीत नुसता इको लिहिलेला नाही, फिजिशियनला दाखवा हेही लिहिलंय, आणि फिजिशियननं पायऱ्यांची गोष्ट ऐकली असती तर ऑपरेशन थांबवून हृदयाच्या पुढच्या तपासण्या लावल्या असत्या. हे म्हणायला एखाद्या कार्डिओलॉजिस्टचं किंवा भूलतज्ज्ञाचं लेखी मत लागेल. प्रत्येक केसमध्ये एक्स्पर्ट लागतोच असं नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये म्हटलंय, पण तुमच्या केसमध्ये माझा आग्रह आहे की घ्याच. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही हा अनुभव सगळ्यांनाच येतो, मग पुण्या-मुंबईकडं विचारायचं. पोस्टमार्टेम नाही हा दुसरा कच्चा दुवा. त्याची भरपाई दुसऱ्या हॉस्पिटलच्या फायलीतनं होते, तिथं ट्रोपोनिन (अ‍ॅटॅक आला का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) केलं असणार, इको झाला असणार, अँजिओग्राफी झाली असेल तर फारच बरं, आणि मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट. ती फाईल तुमच्याकडं आहे हे नशीब समजा.

त्या फायलीतला ईसीजी आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, बाहेर काढा. मशीनचा गुळगुळीत कागद असेल तर तो थर्मल पेपर, काही महिन्यांत फिका पडत जातो, उन्हात आणि प्लास्टिकच्या फोल्डरात तर लवकरच. चांगल्या झेरॉक्स काढा, मोबाईलवर स्कॅन करून भावाला आणि स्वतःला मेल करून ठेवा, मूळ कागद साध्या कागदी पाकिटात ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका, उष्णतेनं तो अख्खा काळा पडतो. वरच्या कडेला मशीननं छापलेली तारीख-वेळ दिसते का बघा. आणि ती पेनाची ओळ कुणाच्या अक्षरात आहे, खाली सही किंवा वेळ आहे का, हे भिंगानं बघा.

मग पहिल्या हॉस्पिटलकडनं पूर्ण इनडोअर पेपर मागा. तोंडी मागू नका, आईंच्या सहीनं लेखी अर्ज द्या. साध्या भाषेत लिहा: "माझे पती अमुक, अमुक तारखेस आपल्याकडे अ‍ॅडमिट होते, त्यांच्या संपूर्ण उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात, त्यात भूलपूर्व तपासणीचा कागद, ईसीजी व सर्व रिपोर्ट, संमतीपत्र, ऑपरेशन नोट, भूल देतानाचा चार्ट, नर्सिंग नोट्स आणि दुसरीकडे हलवतानाचा कागद यांचा समावेश असावा." भूलेचा चार्ट विसरू नका, त्यात दर पाच-दहा मिनिटांचं बीपी, नाडी, ऑक्सिजन मांडलेलं असतं, बीपी कधी पडलं आणि काय दिलं ते तिथंच कळतं. दोन प्रती करा, एकीवर शिक्का-सहीनिशी पोच घ्या, पोच देत नसतील तर पोचपावतीसह पोस्टानं पाठवा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळून ठेवायला लागतात. मुंबई हायकोर्टानंही १९९६ मध्ये पेशंटचा आणि नातेवाइकांचा हा हक्क मान्य केलाय. दिले नाहीत तर तेसुद्धा पुढं त्यांच्याच विरुद्ध जातं. मिळाल्यावर खाडाखोड, वेगळ्या शाईतली ओळ, मागाहून घुसवलेली वेळ आहे का बघा, पण लगेच 'बनावट आहे' म्हणून ओरडू नका.

तक्रार कुठं करायची, तर माझ्या मते जिल्हा ग्राहक आयोगात, आपण ज्याला अजून कंझ्युमर कोर्ट म्हणतो. फी देऊन घेतलेली डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून पक्कं आहे. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करायला लागतं, तुमचे आठ महिने गेलेत, वेळ आहे पण पडून राहू देऊ नका. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच, म्हणजे कोल्हापुरातच दाखल करता येतं. हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर कोर्ट फीसुद्धा नाही, तुमच्या हर्नियाच्या बिलाला लागणारच नाही. भरपाई बिलापेक्षा जास्त मागता येते. वेळ लागेल, तारखा पडतील, हे मात्र धरून चाला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं वेगळी तक्रार करता येते, तिथं पैसे मिळत नाहीत, पण डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनवर कारवाई होऊ शकते. हॉस्पिटल शहरात असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडंही अर्ज द्या, नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तेच देतात. पोलीस केसचं म्हणाल तर त्यासाठी फार ढळढळीत निष्काळजीपणा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यायला लागतं, आपल्याकडं ते सरकारी डॉक्टरांच्या कमिटीकडं जातं. मी तुम्हाला सुरुवात तिथनं करा म्हणणार नाही.

भावाला माझा निरोप द्या. दादा, तुमचा राग खोटा नाही. पण पोरं घेऊन गेलात, एक काच फुटली, एखाद्या वॉर्डबॉयला धक्का लागला, की २०१० चा कायदा आहे, बिनजामीन गुन्हा, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, शिवाय मोडतोडीची भरपाई. आणि उद्यापासून बातमी तुमच्या वडिलांची राहत नाही, डॉक्टरवरच्या हल्ल्याची होते. ज्यांनी कागद वाचला नाही ते त्या दिवशी सुटले म्हणून समजा. जाब विचारायचाच आहे तर लेखी विचारा, ती ओळ कुणी लिहिली, कुणी वाचली, आणि वाचून काय ठरवलं. या तीन प्रश्नांचं उत्तर त्यांना वकिलासकट द्यायला लागेल.

आईंना केस नको असेल तर जबरदस्ती करू नका, पण 'पैसे घेऊन काय करू' एवढ्यावर सोडूनही देऊ नका. त्यांना विचारा की बाबांच्या बाबतीत काय झालं ते कळावंसं वाटतं का. बहुतेक घरांत मी बघितलंय, बायकांना रक्कम नको असते, पण 'वयोमानानं होतं' म्हणून विषय संपवला ते आतनं खात असतं. कागद तर मागून घेऊ, केसचं नंतर ठरवू, असं म्हणा. कागद मागायला केस करायचीच पाहिजे असं काही नाही.

आणि त्यांचा गुडघा. भीती वाटणं साहजिक आहे, पण या भीतीपायी पुढची दहा वर्षं भिंत धरून चालायला लागू नये. गुडघ्याचं ऑपरेशनही थांबू शकणारंच, म्हणून घाई नाही, दोन-तीन महिने तयारीला घ्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची पीएसी मान्य करू नका, सरळ सांगा की आम्हाला आठ-दहा दिवस आधी भूलतज्ज्ञांना भेटायचंय, बऱ्याच हॉस्पिटलांत त्याची ओपीडी असते आणि नसली तरी वेळ देतात. जाताना गोळ्यांच्या पाकिटांसकट पिशवी न्या, काढे, चूर्णं, गुडघ्यासाठी कुणी दिलेल्या पुड्या सगळं त्यात असू द्या, पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड असतं आणि ते भूलवाल्यांना कळलंच पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कधी बंद करायची हे हार्टवाले आणि भूलवाले मिळून सांगतील, शेजारणीनं सांगितलं म्हणून स्वतः बंद करायची नाही. शुगरच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधीच बंद करायला लागतात, तेही विचारा. भूलतज्ज्ञांना विचारायचं की आईंची एएसए ग्रेड काय, भूल कुठली देणार आणि का, कंबरेतनं की पूर्ण, प्रत्यक्ष टेबलाजवळ तुम्हीच असणार ना, आणि काही झालं तर आयसीयू इथंच आहे की हलवायला लागेल. यातल्या एकाही प्रश्नाला चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. सगळे रिपोर्ट आल्यावर त्यांच्या मोबाईल फोटोंसकट एक सेट तुमच्याकडं ठेवा आणि एकेक दाखवून विचारा, 'यात काही खटकतंय का?' खटकतंय म्हणाले तर तारीख पुढं ढकलायची, मुंबईची सून सुट्टी काढून आलीय म्हणून ऑपरेशन उरकायचं नाही.

बाबांच्या कागदांचा सेट हातात आला की पीएसीच्या कागदाचा आणि ईसीजीचा फोटो मला सदराच्या मेलवर पाठवा, डॉक्टर-हॉस्पिटलचं नाव झाकून. कुठल्या डॉक्टरकडनं मत घ्यायचं आणि वकिलाला काय काय द्यायचं ते मग सांगते.